दूरची ऊब

कोपनहेगन
१८ जानेवारी

तीर्थरूप आप्पा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

पार्सल परवा मिळालं. कांदा-लसूण चटणीची पिशवी तीन पदरी बांधलेली होती, तरी डबा उघडल्याबरोबर खोलीभर आपल्या माजघराचा वास सुटला. तिळगूळ मात्र इथल्या थंडीत दगडासारखा झाला होता. वाटीत घालून रेडिएटरवर ठेवला, अर्ध्या तासात मऊ झाला. आई, पाक या वेळी फार छान जमलाय.

आप्पा, त्याच रेडिएटरबद्दल तुम्ही गेल्या रविवारी फोनवर विचारलंत, "घर तापवायला सरकार कशाला लागतंय गं? बंब पेटवायचा, झालं की!" मी दोन वाक्यं बोलले तोवर फोन कट झाला. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही, कारण गेली साडेचार वर्षं मी उष्णता पुरवण्याच्या योजनांचं जे काम करते त्याचं मूळ नेमकं तिथंच आहे. म्हणून सविस्तर लिहायला बसले. वहिनींनाही वाचून दाखवा. शेवटचा भाग तर त्यांच्याच कामाचा आहे.

आधी तुम्हाला आमच्या तळघरात नेते. इमारतीत चोवीस बिऱ्हाडं आहेत आणि बॉयलर एकही नाही. धुराडं नाही, गॅसची लाईन नाही, तेलाची टाकी नाही. तळघरातल्या एका लहानशा खोलीत भिंतीतून दोन जाड पाईप आत येतात आणि कपाटाएवढ्या पेटीला मिळतात. पेटीत प्लेट हीट एक्स्चेंजर आहे. दोन्ही पाईपांवर थर्मामीटर बसवलेत. आज सकाळी बाहेर उणे चार होतं तेव्हा मी मुद्दाम खाली जाऊन बघितलं: येणाऱ्या पाईपवर ७८, परत जाणाऱ्यावर ४१. शहराकडून आलेल्या पाण्यानं आपली उष्णता आमच्या इमारतीतल्या पाण्याला दिली आणि ते पुन्हा तापून यायला परत गेलं.

साखर कारखान्यात तुम्ही उभी नोकरी हेच केलंत. टर्बाइनमधून वीज काढून झाली की उरलेली एक्झॉस्ट स्टीम तुम्ही रस आटवायला इव्हॅपोरेटरकडे सोडायचा. इथं तशीच उरलेली उष्णता पाण्यात भरून गावाकडे सोडतात. लहानपणी हंगामात तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही मला लॅगिंग केलेल्या, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून जाड वेष्टण गुंडाळलेल्या, लाईनला हात लावायला सांगितलं होतंत, आत केवढी आग आहे आणि बाहेर कशी नुसती कोमट लागते ते कळावं म्हणून. इथल्या पाईपांना लॅगिंग कारखान्यातच होऊन येतं. आत पोलादी नळी, भोवती फोम, वर काळं जाड प्लास्टिक, आणि फोममध्ये तांब्याच्या दोन तारा. कुठं सांधा गळला आणि फोमला ओल लागली की त्या तारांवरून कळतं, कितव्या मीटरला खणायचं ते. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा तुमचीच आठवण आली होती. गळती हुडकायला तुम्ही रात्रपाळीत बॅटरी घेऊन लाईनभर फिरत होता.

या व्यवस्थेला इथं फ्येर्नवार्मे म्हणतात. फ्येर्न म्हणजे दूर, वार्मे म्हणजे ऊब. डेन्मार्क देशातल्या साधारण ६५ टक्के घरांना ही दूरची ऊब मिळते, कोपनहेगन शहरात तर जवळजवळ सगळ्यांनाच. उष्णता येते कचरा जाळणाऱ्या केंद्रातून, लाकूड आणि गव्हाचा पेंढा जाळणाऱ्या वीजकेंद्रांतून, समुद्राच्या पाण्यातली उष्णता खेचणाऱ्या मोठ्या हीट पंपांतून. ओडेन्से शहरात फेसबुकच्या डेटा सेंटरमधल्या संगणकांची उष्णतासुद्धा घरांकडे वळवलीय. सुरुवात फार जुनी आहे. शेजारच्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये १९०३ सालीच कचरा जाळून रुग्णालयाला उष्णता द्यायला लागले होते.

पण तुमचा प्रश्न यंत्राचा नव्हता, सरकारचा होता. त्याकडे वळते.

१९७३ साली अरब देशांनी तेल अडवलं तेव्हा या देशाची ९० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा बाहेरून आणलेल्या तेलावर चालत होती. बहुतेक घरांच्या तळघरात तेलाची टाकी. त्या नोव्हेंबरपासून रविवारी गाड्या चालवायला बंदी झाली, माणसं मोकळ्या हमरस्त्यावरून सायकली घेऊन फिरली. आमच्या इमारतीतल्या एक आजी अजून सांगतात, की त्या हिवाळ्यात त्यांच्या आईनं एक खोली सोडून बाकी सगळ्या बंद केल्या आणि पाचही जणं एका खोलीत झोपली. त्या भीतीतून १९७९ चा उष्णता पुरवठा कायदा आला. माझं आजचं सगळं काम त्या कायद्याच्या चौकटीत चालतं.

कायद्यानं काय केलं ते तुम्हाला कारखान्याच्या भाषेत सांगते. उसाची झोनबंदी आठवते ना? अमुक गावाचा ऊस अमुक कारखान्याला. तसंच इथं सरकारनं प्रत्येक नगरपालिकेला सांगितलं, आपल्या गावाचा नकाशा घ्या आणि ठरवा, कोणत्या भागात पाईपची ऊब जाणार, कोणत्या भागात गॅस, आणि कुठं यातलं काहीच परवडणार नाही. एका गल्लीत दोन्ही खणून पैसा वाया घालवायचा नाही. पुढं १९८२ मध्ये नगरपालिकांना आणखी एक जोरकस हक्क मिळाला. ज्या भागात पाईप टाकला तिथल्या घरांना जोडणी सक्तीची करता येऊ लागली. १९८८ पासून नव्या घरांत विजेवरचं हीटिंग बसवायला बंदी आली.

सक्ती हा शब्द वाचून तुमच्या कपाळावर आठी पडेल. माझ्याही पडली होती. पण आकडेमोड बघा. रस्ता खणून पाईप टाकायचा खर्च सगळा पहिल्याच दिवशी होतो आणि तो वसूल व्हायला तीस-चाळीस वर्षं जातात. गल्लीत पन्नास घरं असतील आणि वीसच जोडली गेली, तर त्या विसांवर पन्नास घरांच्या पाईपचा बोजा. मग तेही सोडून जातात. सभासदांनी ऊसच घातला नाही तर कारखाना जसा बसतो, तसंच. आणि चाळीस वर्षांचा भरवसा कुठल्या कंपनीच्या माहितीपत्रकातून येत नाही. तो देणारं कुणीतरी असं लागतं जे चाळीस वर्षांनीही तिथंच असेल. इथं ती जागा नगरपालिकेनं घेतली.

कर्जाचंही तसंच. आपल्याकडे साखर कारखान्याच्या कर्जाला राज्य सरकारची थकहमी लागते. इथं हीटिंगच्या संस्थेच्या कर्जाला नगरपालिका हमी देते, आणि मग सगळ्या नगरपालिकांनी मिळून चालवलेल्या पतसंस्थेकडून, कम्युनेक्रेडिट तिचं नाव, कमी व्याजानं लांब मुदतीचं कर्ज मिळतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती संस्था चालू आहे. मी ज्या प्रकल्पांची गणितं मांडते, त्यांत व्याजाचा दर एका टक्क्यानं वर गेला तरी अख्खी योजना गुंडाळावी लागते. गेल्या दोन-तीन वर्षांत व्याज आणि पोलाद दोन्ही महागलं, तशा कित्येक योजना गुंडाळल्याही. त्यातली एक माझ्या हातातली होती. सहा महिने घातलेल्या नकाशावर शेवटी काट मारली, तेव्हा खूप वाईट वाटलं होतं.

आणि मला सगळ्यात आवडलेला नियम म्हणजे या धंद्यात नफा काढायचा नाही. कायद्यानं दर लावायचा तो खर्चाएवढाच. वर्षाअखेर पैसे उरले तर पुढच्या वर्षीचा दर तेवढा उतरतो, कमी पडले तर चढतो. दरावर देखरेख करणारी नियामक संस्था सगळ्यांचे हिशेब तपासते. म्हणजे जोडणीची सक्ती असली तरी त्या सक्तीच्या जोरावर कुणी तुम्हाला लुबाडू शकत नाही. सक्तीचा अधिकार आणि नफ्याची बंदी असे दोन्ही नियम एकत्र आले म्हणूनच लोकांनी हे मान्य केलं असावं, असं मला वाटतं.

गेल्या जूनमध्ये मी मार्स्टालला गेले होते. फ्युन बेटाच्या दक्षिणेला एरो नावाचं लहान बेट आहे, बोटीनं सव्वा तास लागतो. मार्स्टाल हे त्यावरचं जुन्या खलाशांचं गाव. गावाबाहेर शेतात रांगेनं सौर तावदानं मांडलीत, एकूण ३३,००० चौरस मीटर. जवळच एक तलाव दिसतो, पण त्यात पाणी उघडं नाही. वर जाड तरंगतं झाकण आहे, त्यावरून मी चालले. पायाखाली ७५,००० घनमीटर गरम पाणी. उन्हाळ्यातलं ऊन त्यात साठवायचं आणि थंडीत गावाला पुरवायचं. गावाला लागणाऱ्या उष्णतेतला निम्म्याच्या आसपास वाटा उन्हाचा. याचा मालक कोण, तर गावच. सहकारी संस्था आहे, जोडणी घेतलेलं प्रत्येक घर सभासद.

मला त्यांच्या सभागृहात बसायला मिळालं. लाकडी बाकं, थर्मासमध्ये कॉफी, घरी भाजलेला केक, आणि भिंतीवर ताळेबंद. एक म्हातारे गृहस्थ उठून पंपाच्या विजेच्या खर्चावर पंधरा मिनिटं बोलले. अध्यक्षांनी आकडा आकडा समजावला. मला गहिवरून आलं आप्पा, कारण डोळ्यांसमोर आपली वार्षिक सर्वसाधारण सभा आली. पुढच्या रांगेत बसून अहवालाच्या पानांवर पेन्सिलीनं खुणा करणारे तुम्ही. सहकार काय ते इथल्या कुणी मला शिकवायची गरज नव्हती. तुमच्या खिशातल्या त्या घडी घातलेल्या अहवालावरच मी वाचायला शिकलेय.

मार्स्टालच्या त्या मोठ्या विस्ताराला युरोपीय संघाच्या संशोधन निधीतून पैसे मिळाले. हा आणखी वरचा थर. आपल्याकडे उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, दिल्ली ठरवते, गाळप परवाना पुण्याहून साखर आयुक्तांकडून येतो, दोन कारखान्यांमधल्या हवाई अंतराची अट सरकार घालतं, आणि कारखाना चालवतात सभासद. इथंही तशीच उतरंड आहे. ब्रसेल्स निर्देश काढतं. २०२३ च्या निर्देशानुसार ४५,००० हून जास्त वस्तीच्या प्रत्येक पालिकेनं गरम आणि थंड करण्याचा आराखडा केलाच पाहिजे, आणि मोठ्या डेटा सेंटरांनी आपली वाया जाणारी उष्णता वापरात आणली पाहिजे. देशाचं सरकार कर ठरवतं. प्रादेशिक पातळीवर पाच पालिकांनी १९८४ साली मिळून काढलेली संस्था कोपनहेगन परिसरात मोठ्या वाहिन्यांतून घाऊक उष्णता वाहते. पालिका गल्लीचा नकाशा ठरवते. आणि तळघरातला कॉक आम्ही फिरवतो.

यातला एक थर चुकला तर काय होतं तेही बघितलंय. करांचंच घ्या. लाकडावर कर नाही आणि विजेवर भरमसाट, असं वर्षानुवर्षं होतं. मग सगळे लाकडाकडे वळले, परदेशातून जहाजं भरभरून लाकडाच्या गोळ्या येऊ लागल्या. विजेवर चालणारे हीट पंप तेव्हाही चांगलेच होते, पण कुणी घेईना. २०२१ मध्ये हीटिंगच्या विजेवरचा कर जवळजवळ काढून टाकला आणि चित्र पालटायला लागलं. एस्बर्ग शहरात कोळशाचं केंद्र बंद करून समुद्राच्या पाण्यावर चालणारा केवढा तरी मोठा हीट पंप बसवलाय, सुमारे २५,००० घरांना पुरेल एवढा. राजधानीतल्या एका ओळीनं गावातलं यंत्र बदललं.

दुसरं उदाहरण मनाला लागणारं आहे. नव्वदच्या दशकात सरकारनं अगदी लहान लहान गावांनाही गॅसवर चालणारी, वीज आणि उष्णता दोन्ही देणारी केंद्रं काढायला प्रोत्साहन दिलं. विजेवर अनुदान होतं म्हणून हिशेब बसत होता. पण घरं विखुरलेली, पाईप लांब, गिऱ्हाईकं थोडी. पुढं अनुदान आटलं, २०१८ अखेर बहुतेकांचं संपलंच. कामासाठी अशा एका गावात गेले होते. एका विधवा बाईंनी मला स्वयंपाकघरात बसवून बिलांची फाईल दाखवली. घर विकायचं म्हटलं तर या बिलामुळं गिऱ्हाईक येत नाही, आणि जोडणी सोडायची म्हटलं तर तेव्हाची सक्ती आड येते. मी काही बोलू शकले नाही. नवी सक्ती करण्याचा पालिकांचा अधिकार २०१९ पासून काढून घेतला, त्यामागं अशा स्वयंपाकघरांतलाच राग होता. जिथं घरं दाट नाहीत तिथं पाईप नकोच, हे ठामपणे सांगणंही त्याच नकाशाचं काम होतं आणि तिथं ते झालं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण मनात असणार: आपल्याला याचा काय उपयोग? कोल्हापुरात घर तापवायचं कुणाला पडलंय?

घर नाही, पण इचलकरंजी आहे! तिथलं सुताला खळ लावणारं प्रत्येक सायझिंग, कापडावर प्रक्रिया करणारं प्रत्येक प्रोसेस हाऊस आपापला बॉयलर पेटवतं, आपापलं धुराडं उभारतं, आपापला बॉयलर अटेंडंट ठेवतं. आपल्याकडे उष्णतेचं दाट गिऱ्हाईक ते आहे. एका ठिकाणी चांगला मोठा बॉयलर, नीट धूर गाळणारी यंत्रणा, आणि तिथून लॅगिंग केलेल्या वाफेच्या लाईनी, एवढंच करायचं आहे. औद्योगिक वसाहतीत रस्ते आणि पाणी एमआयडीसी देतेच, वाफ ही तिसरी सोय धरायची. प्रदूषण नियंत्रण मंडळाला पन्नास धुराडी तपासण्याऐवजी एक तपासावं लागेल. तुमच्या जुन्या सोबत्यांपैकी कुणी सायझिंगवाल्यांच्या संघटनेत असेल तर हे बोलून बघा. मी आकडे मांडून देईन.

आणि दुसरं म्हणजे थंडावा. वहिनी, आता तुमच्यासाठी.

पाईपमधून जशी ऊब जाते तसा थंडावाही जातो. मोठ्या केंद्रात पाणी सहा-सात अंशांपर्यंत थंड करायचं आणि इमारतींना पुरवायचं, म्हणजे प्रत्येक खिडकीला एसीचा डबा लटकवायला नको. कोपनहेगनमध्ये हे २०१० पासून चालू आहे. हिवाळ्यात तर बंदरातलं समुद्राचं पाणीच इतकं गार असतं की कॉम्प्रेसर फारसा लागत नाही. पण तेही आपोआप झालं नाही. पालिकांना थंडाव्याच्या धंद्यात उतरायची मुभा देणारा वेगळा कायदा २००८ मध्ये करावा लागला. त्याआधी पालिकेच्या हातात उष्णता होती, थंडावा नव्हता.

आपल्या देशात अहमदाबादजवळच्या गिफ्ट सिटीत ही सोय २०१५ पासून आहे. दादा तिकडं कामाला गेला होता तेव्हा त्यानं रस्त्याखालचा बोगदा बघितला होता ना, ज्यातून थंड पाण्याचे पाईप, वीज, सगळं एकत्र जातं? ते शक्य झालं कारण जमीन, आराखडा आणि परवानगी एकाच हातात होती आणि बांधकामाआधी बोगदा झाला. दिल्लीनं २०१९ मध्ये देशाचा शीतलीकरण कृती आराखडा काढला, २०३७-३८ पर्यंत थंडाव्याची मागणी २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट त्यात आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं अशा केंद्रीय शीतकरणाची मार्गदर्शक तत्त्वंही काढलीत. वरच्या थराचा कागद तयार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या एका उपक्रमात पुणे आणि ठाण्याची पाहणीही झाली होती.

मग अडतं कुठं? वहिनी, मला वाटतं तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. इमारतीचे नियम २०२० पासून यूडीसीपीआर या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत आहेत, म्हणजे ते मंत्रालयातून बदलतात. महापालिकेला वाटलं तरी ती एखाद्या बिल्डरला "सामायिक थंड पाण्याला जोड" म्हणू शकत नाही. विजेचा दर राज्याचा नियामक आयोग ठरवतो, तोही केंद्राच्या नियमांच्या चौकटीत. दिवसा सौर वीज भरपूर असते तेव्हा स्वस्त आणि संध्याकाळी महाग, असा वेळेनुसार दर मोठ्या व्यापारी ग्राहकांना लागू होतोय. थंडाव्याच्या केंद्राला तर हे वरदान आहे, कारण दुपारी टाकीभर पाणी थंड करून ठेवायचं आणि संध्याकाळी वापरायचं. शहराच्या हद्दीचा प्रश्न आहेच. कोल्हापूरची महापालिका झाली १९७२ साली, हद्द तिथंच, आणि भोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये वेगळं प्राधिकरण. नवी वस्ती जिथं वाढतेय तिथला नकाशा एका कचेरीत, पाईप दुसऱ्या कचेरीत.

पेठांमध्ये हे करू नका, असंच मी सांगेन. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत घराघरात थंड पाणी नेणं त्या महागड्या बिलांच्या डॅनिश खेड्यासारखं होईल. आपल्या वाड्यांना जाड भिंती आणि अंगणातली सावलीच बरी. पण शेंडा पार्क बघा. तिथं वैद्यकीय महाविद्यालय, मोठं रुग्णालय, आयटी पार्कचंही नाव घेतात. रुग्णालयाला थंडावा रात्रंदिवस लागतो, कार्यालयांना दिवसा. दोन्ही शेजारी असली की एकच केंद्र दोघांना पुरतं आणि यंत्रं कमी लागतात. हे सगळं अजून बांधून व्हायचंय तोवरच ठरवायला हवं. एकदा गच्चीगच्चीवर पाणी थंड करणारी वेगळी यंत्रं, चिलर, चढली की पुढची वीस वर्षं कुणी ऐकणार नाही. आणि तिथं बांधणारं खातं एक, पुढं विजेचं बिल भरणारं दुसरं. बांधणाऱ्याला स्वस्त यंत्र हवं असतं, बिलाची झळ त्याला लागतच नाही.

आप्पा म्हणतील, "ही सगळी खाती एकत्र येणार कधी?" पण आली होतीच की. कोल्हापूरच्या पाण्याची थेट पाईपलाईन आठवा. काळम्मावाडी धरणापासून ५३ किलोमीटरच्या आसपास पाईप, वनखात्याची परवानगी, पाटबंधारे, रस्ते, गावोगावचे शेतकरी, केंद्राचा पैसा, राज्याचा पैसा, महापालिकेचा वाटा. किती वर्षं मोर्चे झाले, वहिनी तर ऐन पावसात पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रावर उभ्या असायच्या. आणि २०२३ च्या दिवाळीत पाणी आलं. तुम्ही त्या दिवशी मला व्हिडिओ पाठवला होतात, आईनं तांब्याचा हंडा भरून घेतलेला. तो मी अजून ठेवलाय.

इथं मात्र एक गोष्ट मी कार्यालयात सगळ्यांना सांगत असते. साखर कारखान्याची उरलेली वाफ वापरून थंडावाही करता येतो, तशी यंत्रं असतात, शोषण पद्धतीची. माझा साहेब उत्साहानं म्हणाला, मग तुमच्या गावाचं काम झालं. मी सांगितलं, हंगाम असतो नोव्हेंबर ते मार्च, आणि जीव घामाघूम होतो एप्रिल-मेमध्ये. कारखाने बहुतेक शहरापासून लांब. कसबा बावड्याचा राजाराम कारखाना तेवढा शहराला लागून. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, साठवून उन्हाळ्यात जाळायचा म्हटलं तर त्याला कागद कारखाने आधीच गिऱ्हाईक आहेत, आणि गंजीला आग लागायची भीती तुम्हाला माहीतच आहे. तरी बावड्यापुरता हिशेब मला करून बघायचाय. त्यासाठी तुमची मदत हवी.

तुमच्या त्या निळ्या वह्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. त्यात पाळीप्रमाणे एक्झॉस्ट स्टीमचा दाब, तापमान आणि तासाला किती टन वाफ, असं तुम्ही लिहून ठेवायचा. एखाद्या चांगल्या हंगामाची दहा-बारा पानं दादाला मोबाईलवर फोटो काढून पाठवायला सांगा. बंद पडल्याच्या नोंदीही पाठवा, कोणत्या रात्री किती वेळ मिल थांबली त्या. पुरवठा कितीदा तुटतो हे रुग्णालयाला सगळ्यात आधी विचारायचं असतं. माळ्यावर चढू नका मात्र, दादालाच चढू दे.

वहिनी, शेंडा पार्कातल्या आराखड्यात पाण्याच्या लाईनीसाठी रस्त्याखाली किती जागा राखलीय, तेवढं कळलं तर कळवा. एक मीटर जास्त राखून ठेवायला आज खर्च नाही. मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येतेय, तोवर माझी गणितं तयार असतील. बसून बोलू.

आई, येताना तुला इथली लोकर आणतेय. गुडघ्यावर घेशील. छोटीला गोड पापा.

तुमची,
लेक